शिळी भाकरी कोणाच्या ताटात?

(सोलापुरात तरुण-तरुणींच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिला आहे 'घरचं ताजं आणि सकस खाणं'. मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. शाळेत विज्ञान शिकवते आणि लग्नाआधीपासून आजपर्यंत घरचा स्वयंपाक करत आले आहे. त्यामुळे आज मी तुम्हाला कुठला 'डाएट प्लॅन' देणार नाही. आपल्या घरात, आपल्या कमाईत आणि आपल्या वेळेत बसतील अशा काही सवयी सांगणार आहे. पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगते.

आमचे अब्बा यंत्रमागावर होते. अम्मी घरी विड्या वळायची. घरात आम्ही आठ माणसं. संध्याकाळी चुलीवर ज्वारीच्या भाकऱ्या व्हायच्या. तव्यावरची गरम भाकरी आधी अब्बांना, मग भाईजानला, मग आम्हा लहानांना आणि दादीला. अम्मी सगळ्यांत शेवटी बसायची. तिच्यासमोर सकाळची उरलेली भाकरी, पातेल्याच्या तळाला राहिलेलं कालवण आणि शेंगाची चटणी. आम्ही म्हणायचो, "अम्मी, ताजी खा ना." ती म्हणायची, "तुमे खालेओ, मेरेकू भूक नै." आम्हाला अनेक वर्षं खरंच वाटायचं की अम्मीला भूक कमी लागते.

मी कॉलेजात असताना अम्मी एक दिवस जिन्यात चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेसात. बाईच्या अंगात ते किमान बारा असावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "घरात काय शिजतं?" मी मोठ्या अभिमानाने यादी सांगितली. मेथी, डाळ, अंबाडी, आठवड्यातून एकदा गोश्त, रोज ज्वारीची भाकरी. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे सगळं यांच्या ताटात येतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजच्या विषयात तोच प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. घरात चांगलं शिजणं ही अर्धी गोष्ट झाली. ते घरातल्या प्रत्येकाच्या ताटात ताजं पोचणं ही उरलेली अर्धी.

हे फक्त आमच्या घरातलं नाही. केंद्र सरकारच्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ६८.९ टक्के आहे. पुरुषांमध्ये मात्र ते बरंच कमी आहे. बायकांना पाळी असते, बाळंतपणं असतात, त्यामुळे त्यांना लोह जास्त लागतं हे खरं. पण ज्याला जास्त लागतं त्याच्याच वाट्याला सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत कमी येतं, हेही तितकंच खरं.

आता सवयींकडे येऊ.

आपल्या दारात काय पिकतं?

सोलापूर म्हणजे ज्वारीचा जिल्हा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडी ३५-१ ही जात आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडली गेली. आपल्या डाळिंबालाही मानांकन आहे आणि केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तूर, हरभरा, हुलगा, करडई, शेंगा, बोरं, पेरू, हे सगळं आपल्या आसपास पिकतं. आणि आपल्या मुलांचा नाश्ता काय? चहा आणि खारी. नाहीतर चहा आणि टोस्ट. शाळेत जाताना हातात पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट.

मी वर्गात मुलांना एक हिशेब घालते. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू, म्हणजे चोथा, साधारण दहा ग्रॅम असतो. शंभर ग्रॅम मैद्यात तीन ग्रॅमही नसतो. लोहसुद्धा ज्वारीत मैद्याच्या दुप्पट. चोथा असला की पोट साफ राहतं, साखर रक्तात हळूहळू जाते आणि भूक लवकर लागत नाही. खारी खाल्ल्यावर तासाभरात पुन्हा भूक का लागते, त्याचं कारण यात आहे.

तुमच्यातले काही म्हणतील, "आपा, ज्वारी आता महाग झाली. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो." बरोबर आहे. म्हणून मी तिन्ही वेळा भाकरी खा म्हणत नाही. दिवसातून एक वेळ भाकरी, एक वेळ रेशनच्या गव्हाची चपाती, असं करा. गहूही चांगलाच आहे, फक्त पीठ चक्कीवरून दळून आणा आणि कोंडा चाळून फेकू नका. पीठ आठ-दहा दिवसांपुरतंच दळा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याला कडवट वास लागतो आणि भाकरीला चिरा जातात. ताजं पीठ असलं की भाकरी आपोआप चांगली थापली जाते. नव्याने शिकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

ताजं म्हणजे काय?

ताजं म्हणजे आत्ता चुलीवरून उतरवलेलंच, असं नाही. आपल्या सोलापूरची कडक भाकरी बघा. पातळ थापतात, भाजून पूर्ण वाळवतात. ती आठवडे टिकते, कारण तिच्यात पाणीच उरत नाही. पाणी नाही तर जंतू वाढत नाहीत. शेंगाची चटणीही कोरडी, म्हणून ती टिकते. दोन्ही रोजच्या खाण्यात खुशाल ठेवा. फक्त चटणीसाठी शेंगदाणे घेताना बुरशी आलेले, काळे पडलेले, कडू दाणे निवडून फेका. त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

प्रश्न ओल्या अन्नाचा आहे. भात, डाळ, कालवण, गोश्त, दूध. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे की शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये. पाच ते साठ अंश तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. म्हणजे दुपारचं कालवण संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवणं म्हणजे जंतूंना दावत देणं. भाताचं तर आणखी एक आहे. त्यातले काही जंतू शिजवल्यावरही बीजरूपात जिवंत राहतात आणि भात कोमट राहिला की पुन्हा वाढतात. त्यांचं विष नंतर गरम करूनही नष्ट होत नाही. म्हणून उरलेला खाना लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि खाताना एकदाच, वाफ निघेपर्यंत गरम करा.

फ्रिज नसेल तर? आमच्याकडेही नव्हता. मग एकच उपाय, मापून शिजवायचं. स्वयंपाकाआधी विचारायचं, "रात्री घरी कोण कोण जेवणार?" आणि इथे तुमचा, विशेषतः मुलांचा, दोष मी स्पष्ट सांगते. तुम्ही मित्रांबरोबर बाहेर खाऊन येता आणि घरी कळवत नाही. तुमच्या वाट्याची भाकरी उरते. दुसऱ्या दिवशी ती कोण खातं? अम्मी. मोबाइल दिवसभर हातात असतो. संध्याकाळी सहाच्या आत एक निरोप टाका, "आज जेवायला नाही." घरात ताजं अन्न राहावं म्हणून करायची ही सगळ्यांत सोपी सवय, आणि तिला एक रुपया लागत नाही.

पाणी आणि बाजार

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. ते भरून ठेवावं लागतं. त्यामुळे प्यायच्या पाण्याची भांडी झाकलेली हवीत. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. पेला धरून हात आत बुडवला की सगळ्या हंड्यात घाण गेली. पाणी आलं की आधीचं शिळं पाणी झाडांना, लादीला वापरा, भांडं घासा आणि मगच नवीन भरा. पाण्याबद्दल शंका असेल तर ते उकळून घ्या.

भाजी दोन दिवसांपेक्षा जास्त दिवसांची आणू नका. पालेभाजी तर त्याच दिवशी. मंडईत हंगामात जी भाजी ढिगाने येते ती स्वस्तही असते आणि ताजीही. हिवाळ्यात मेथी, चुका, गाजर, ओला हरभरा. उन्हाळ्यात काकडी, दोडका, दुधी. पावसाळ्यात पालेभाजी घेतली तर तीन-चार पाण्यांतून धुवा. भाजी आधी धुवायची, मग चिरायची. चिरून धुतली की जीवनसत्त्वं पाण्याबरोबर मोरीत जातात. आणि भजी, समोसे वर्तमानपत्रात बांधून देतात ते घेऊ नका. छपाईची शाई तेलात उतरते. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच याबद्दल सूचना काढली आहे. आपलं भांडं किंवा डबा घेऊन जा.

पाकीटबंद वस्तू घेतलीच तर मागची बाजू वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पहिली तीन नावं मैदा, साखर आणि पामतेल असतील, तर आपण नेमके कशाचे पैसे देतोय ते कळतं. बोर्डावर, पुढच्या बाजूला काय चित्र आहे, याला अर्थ नाही.

चहा, लिंबू आणि तेल

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात एक सूचना आपल्या घरांसाठी फार कामाची आहे. जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी घेऊ नका. चहातलं टॅनिन अन्नातल्या लोहाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागू देत नाही. आपल्या घरांत जेवण झालं की लगेच चहा चढतो. म्हणजे एका हाताने मेथी खायची आणि दुसऱ्या हाताने तिचं लोह काढून टाकायचं. चहा सोडा असं मी म्हणत नाही. सोलापूरकराला चहा सोडायला सांगणं सोपं नाही. वेळ बदला, एवढंच.

लिंबाचं याच्या उलट आहे. त्यातलं क जीवनसत्त्व लोह अंगी लागायला मदत करतं. डाळीवर, भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर जेवताना पेरूची फोड खा. मटकी, मूग, हुलगा यांना मोड आणले की त्यांतही क जीवनसत्त्व वाढतं. रात्री भिजवायचं, सकाळी उपसून फडक्यात बांधायचं. दुसऱ्या दिवशी मोड तयार. हे काम दहा वर्षांचं मूलही करू शकतं. आमच्या घरी माझा धाकटा मुलगाच करतो आणि मोड किती लांब आले ते पट्टीने मोजतो.

तेलाचं मोजमाप ठेवा. त्याच संस्थेच्या नमुना ताटात माणशी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. महिन्याचे झाले साधारण ८०० ग्रॅम. पाच माणसांच्या घराला चार किलो. महिन्याच्या सुरुवातीला तेवढंच तेल वेगळ्या डब्यात काढा आणि ते कितव्या तारखेला संपतं ते पाहा. पहिल्या महिन्यात मलाच धक्का बसला होता. आमचं तेल अठराव्या दिवशी संपलं. तळून काळं पडलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. त्यात हृदयाला घातक द्रव्यं तयार होतात.

गोश्त, रमजान आणि कुर्बानी

आपण गोश्त खाणारी माणसं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गोश्तातलं लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं. आपल्या दादी-नानी गोश्त नुसतं करत नव्हत्या. दालच्यात डाळ आणि दुधी असायचा. मेथी-गोश्त, पालक-गोश्त, अंबाडी-गोश्त असायचं. पाव किलोत आठ माणसं जेवायची आणि सगळ्यांच्या पोटात डाळ-भाजी जायची. आता आपल्याकडे उलटं झालं आहे. लग्नात आणि हॉटेलात नुसती बिर्याणी, बाजूला लाल रस्सा आणि वर थंड पेय. घरात तरी दालचा परत आणा. कच्च्या गोश्तासाठी सुरी आणि पाट वेगळा ठेवा. त्याच पाटावर लगेच काकडी-कांदा चिरू नका. आणि एक प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या घरात बोटी कोणाला आणि नुसता रस्सा कोणाला?

रमजानमध्ये आपण दिवसभर संयम पाळतो आणि मगरिबला तळणावर तुटून पडतो. खजूर, पाणी, फळं, मग थोड्या वेळाने घरचं जेवण, एवढं पुरे असतं. भजी रोज कशाला? जुम्म्याला करा. फळं दुपारीच चिरून ठेवू नका, रोजा सोडायच्या थोडं आधी चिरा. तो अर्धा तास घरातल्या मुलांचा. सहरीला नुसता चहा-पाव घेतला तर दहा वाजता डोकं दुखणारच. त्याऐवजी भाकरी, दही, अंडं किंवा डाळ घ्या.

बकरीदेला गोश्त भरपूर असतं. गरजूंचा, नातेवाइकांचा वाटा पोचवा. उरलेलं एकेका वेळेच्या लहान पिशव्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. मोठा गोळा काढायचा, वितळवायचा, थोडा कापायचा आणि पुन्हा गोठवायचा, हे करू नका.

हे सगळं करायचं कोणी?

आता शेवटचा आणि अवघड मुद्दा. मी जेवढ्या सवयी सांगितल्या त्या सगळ्यांना हात लागतात. रोज भाजी आणायची, निवडायची, मोड आणायचे, पाणी भरायचं, मापून शिजवायचं. हे सगळं पुन्हा एकट्या अम्मीच्या किंवा बहिणीच्या डोक्यावर टाकलं, तर 'घरचं ताजं खाणं' हा बायकांना नवा जुलूम होईल. मग ती दमेल, आणि दमलेल्या बाईने पाकीट फोडलं तर तिला बोल लावायचा आपल्याला हक्क नाही.

अम्मीच्या त्या आजारपणात आमच्या भाईजानने पहिल्यांदा परातीला हात लावला. तो तेव्हा बावीस वर्षांचा होता. पहिल्या दिवशी त्याची भाकरी तव्यावर टाकतानाच तुटली. दुसऱ्या दिवशी एका बाजूने करपली. गल्लीतले मित्र हसले. महिनाभरात त्याची भाकरी टम्म फुगायला लागली. पुढे लग्नानंतरही त्याने ते सोडलं नाही. आज त्याच्या घरी संध्याकाळची भाकरी तो करतो, वहिनी भाजी करते. त्याची मर्दानगी कुठे कमी झालेली मला दिसली नाही.

अम्मीला डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या तिने नेमाने घेतल्या. त्याबरोबर आम्ही घरात एकच नियम केला. सगळ्यांची ताटं एकदम वाढायची आणि सगळ्यांनी एकत्र बसायचं. सकाळची भाकरी उरली तर तिचे तुकडे करून सगळ्यांच्या ताटात थोडे थोडे. दादीने आधी कुरकुर केली. मग एक दिवस तीच अम्मीला म्हणाली, "तू बी बैठ. गरम है तब तक खा." सहा महिन्यांनी अम्मीचं हिमोग्लोबिन अकराच्या वर गेलं. आणि आम्हाला कळलं की अम्मीला भूक चांगली लागते. तिला ताज्या भाकरीबरोबर कच्चा कांदा आवडतो, हेसुद्धा आम्हाला तेव्हाच पहिल्यांदा समजलं.

मित्रमैत्रिणींनो, आपण या बैठकांमधून शिक्षणावर बोलतो, संविधानावर बोलतो, बायकांच्या हक्कांवर बोलतो. त्या मोठ्या गोष्टी आहेत. पण आपल्या घरातली समता कुठवर आली आहे ते बघायचं असेल तर रात्री नऊ वाजता दस्तरखानवर कोण बसलं आहे आणि कोण उभं आहे, ते पाहा.

मी जाताना एकच काम सांगते. आठ दिवस एका वहीत लिहा. घरात कोण किती वाजता जेवलं, ताजं खाल्लं की उरलेलं, आणि भाजी, फळ, डाळ, अंडं किंवा गोश्त यांपैकी त्याच्या ताटात काय होतं. कोणावर टीका करू नका, फक्त लिहा. पुढच्या बैठकीत ती वही घेऊन या. आपण त्यावर बोलू. आणि मुलांनो, पुढच्या वेळी येताना एकेक भाकरी स्वतःच्या हातची आणा. तुटलेली, करपलेली चालेल. चटणी मी आणते.